शाळेच्या दारी आलेले युनियनचे पत्र



काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत टपालाने एक पत्र आले. खाली शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेचा शिक्का आणि सरचिटणीसांची सही होती. मजकूर चार ओळींचा. आपल्या शाळेतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांशी त्यांच्या सेवाशर्तींबाबत बोलायचे आहे, तरी शाळेच्या आवारात भेटीसाठी दिवस व वेळ कळवावी, तसेच सर्व कर्मचाऱ्यांची नावे व मोबाइल क्रमांक द्यावेत, ही विनंती. मुख्याध्यापिका सिस्टरांनी ते पत्र फादरांकडे पाठविले, फादरांनी ते शाळा समितीपुढे ठेवले आणि आम्ही समितीच्या सभासदांनी ते तीन आठवडे फायलीत ठेवले.

त्या तीन आठवड्यांत आम्ही काय केले? कोणी म्हणाले, "उत्तरच देऊ नका, आपोआप थंड होईल." कोणी म्हणाले, "आधी ह्यांना कोणी बोलावले ते शोधून काढा." एका सभासदाने तर सुचविले की बालवाडीच्या मावशींचा पगार पाचशे रुपयांनी वाढवून टाकावा, म्हणजे युनियनकडे जाण्याचे कारणच उरणार नाही. आम्ही बसलो होतो त्या खोलीचे दार उघडे होते आणि शाळेत गोष्टी लपून राहत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर त्या मावशींनी फादरांना चर्चच्या पायरीवर गाठले. शाळेत त्यांना चौदा वर्षे झाली होती. त्या म्हणाल्या, "फादर, मी नाही हो बोलावलं त्यांना." त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. फादर त्यांना काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी समितीला बोलावून घेतले आणि म्हणाले, "त्या बाईंना माझी भीती वाटली. आता आपण ह्या पत्राचे उत्तर लिहू."

आजचा पाठ त्या उत्तराविषयी आहे. असे पत्र आपल्या कोणत्याही धर्मग्रामाच्या शाळेत येऊ शकते. ते आल्यावर काय करावे हे केवळ फादर-सिस्टरांनी किंवा समितीनेच जाणावे असे नाही. शाळा धर्मग्रामाची आहे, आणि शिपाई, लिपिक, सफाई कामगार, बालवाडीच्या मावशी ह्यांतील कित्येक जण आपल्याच चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसतात.

शिक्षकेतर म्हणजे कोण

एकाच शाळेत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे तीन-चार थर असतात. अनुदानित विभागातील लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक व जुने शिपाई ह्यांचा पगार शासन देते. विनाअनुदानित विभागातील आणि बालवाडीतील माणसांचा पगार शाळा स्वतः देते, तो बहुधा बराच कमी असतो. तिसरा थर कंत्राटदाराकडून आलेल्यांचा. रखवालदार, सफाईच्या बायका, शाळेच्या बसचा चालक आणि बसमधील ताई ह्यांचा मालक कागदोपत्री कोणी दुसराच असतो. त्यात भर म्हणून ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांसारखी चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी होतील तशी संपवून त्यांच्या जागी शिपाई भत्ता देण्याचे ठरविले. भाग पाहून दरमहा पाच ते दहा हजार रुपये. म्हणजे तीस वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या शिपाईकाकांच्या जागी येणारा तरुण तीच घंटा वाजवितो, तेच टपाल नेतो, पण ना त्याला वेतनश्रेणी, ना पेन्शन.

शिक्षकांच्या मोठ्या संघटना आहेत, त्यांचे प्रतिनिधी विधान परिषदेत जातात. शिक्षकेतरांचा आवाज त्यामानाने लहान. त्यांच्या संघटनेचा माणूस शाळेत येऊ पाहतो तेव्हा तो बहुधा ह्या तीन-चार थरांतील कोणाच्या तरी कामासाठी येत असतो. प्रत्येक वेळी त्यामागे राजकारणच असते असे धरून चालणे बरोबर नाही. कधी असतेही, त्याकडे आपण पुढे वळू.

कायद्याची बाजू

कायद्यात काय आहे ते थोडक्यात पाहू, कारण समितीच्या बैठकीत अर्धवट माहितीवर पुष्कळ बोलले जाते. आमच्याही बैठकीत तसेच झाले.

संघटना उभारण्याचा हक्क भारतीय घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. आपल्याकडे लगेच कलम ३० पुढे केले जाते, "आपली अल्पसंख्याकांची संस्था आहे, आपल्याला हे लागू नाही." कलम ३० ने आपल्याला शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण त्या हक्काच्या आड कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती झाकता येत नाहीत. दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचारी संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांतील कर्मचाऱ्यांना पगार व सेवाशर्तींच्या संरक्षणातून वगळणारे दिल्लीच्या कायद्यातील कलम न्यायालयाने १९८६ साली जवळजवळ पूर्णपणे रद्द ठरविले. योग्य पगार दिल्याने शाळेचे अल्पसंख्याकपण कमी होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

दुसरा प्रश्न, शाळेतील माणसे 'कामगार' आहेत काय? दिल्ली विद्यापीठाच्या एका बसचालकाच्या खटल्यात १९६३ साली न्यायालयाने विद्यापीठ हा 'उद्योग' नाही असे म्हटले, आणि चालकाला कामगार कायद्याचा आधार मिळाला नाही. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ते मत बदलले आणि शिक्षणसंस्थाही 'उद्योगा'त धरल्या. पुढे १९८८ साली गोव्यातील एका मिशन शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असली तरी शिक्षक हा कामगार नव्हे. त्यामुळे गंमत अशी झाली की एकाच शाळेतील बाई कामगार नाहीत, पण त्यांच्या वर्गाबाहेर घंटा देणारा शिपाई कामगार आहे! आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यातील 'उद्योगा'च्या व्याख्येतून धर्मादाय व समाजसेवी संस्थांनी चालविलेली कामे वगळली आहेत. आपली शाळा त्या वगळणुकीत बसते की नाही, हे संस्थेचे कागद पाहून जाणत्या वकिलानेच सांगावे. समितीने चहा पिता पिता ठरवू नये. शिवाय महाराष्ट्राचा १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा आहेच. तो मान्यताप्राप्त शाळांतील शिक्षकेतरांनाही शिक्षकांइतकाच लागू आहे आणि बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची वाट त्यांना देतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे आवारात येण्याचा. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यता मिळालेल्या संघटनेला काही अधिकार आखून दिले. आवारात सूचना फलक लावणे, कामात व्यत्यय न आणता आपल्या सभासदांशी आवारातच चर्चा करणे, तक्रारींसंबंधी मालकाशी बोलणे, चौकशीत सभासदाची बाजू मांडणे. पण ही मान्यता पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसाठी, आणि त्यांपैकी निदान तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला. आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत शिक्षकेतर पन्नास कुठून असणार? दहा असतील, पंधरा असतील. त्यामुळे वकील बहुतेक वेळा सांगेल, "आवारात येऊ द्यायलाच पाहिजे असे बंधन तुमच्यावर नाही."

त्याच कायद्याने मालकाने काय करू नये हेही लिहून ठेवले, आणि नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही तशीच यादी आहे. युनियनमध्ये गेल्यास काढून टाकण्याची धमकी देऊ नये. युनियन उभी राहत असताना तिचा पाया खचविण्यासाठी पगारवाढ देऊ नये. आपल्याच पंखाखाली बाहुले संघटना काढू नये. आम्ही ही यादी वाचली तेव्हा आमच्या सभासदाची ती पाचशे रुपयांची सूचना तिथे जवळजवळ शब्दशः दिसली. तो भला माणूस आहे, त्याला मावशींचे भलेच करायचे होते. पण पगारवाढ द्यायचीच होती तर ती चौदा वर्षांत केव्हाही देता आली असती. युनियनचे पत्र आल्यावरच ती कशी आठवली?

थोडक्यात, दार उघडा असे कायदा आपल्याला सांगतोच असे नाही. दाराआड माणसाला धमकावू नका, लालूच दाखवू नका, एवढे मात्र तो सांगतो. ह्या दोहोंच्या मधली जागा आपल्या सदसद्विवेकासाठी उरते.

ख्रिस्तसभा कोणाच्या बाजूने बोलते

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांची संघटना बांधून मागितली म्हणून. दर रविवारी हे पत्रक हातात घेताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ ह्यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक निघाले. कामगारांनी एकत्र येणे हा माणसाचा स्वाभाविक हक्क आहे आणि राज्यसत्तेने तो हिरावू नये, असे त्यांनी त्यात मांडले. त्यानंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हा हक्क माणसाच्या मूलभूत हक्कांत गणला, तोही सूडाच्या भीतीविना बजावता यावा असे सांगून. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी श्रमावरील परिपत्रकात कामगार संघटना हा समाजजीवनाचा आवश्यक भाग आहे असे म्हटले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, त्याचे कारण सांगतानाही त्यांनी १८९१ च्या त्या परिपत्रकाचीच आठवण काढली.

हे सारे आपण प्रवचनात ऐकतो आणि मान डोलावतो, कारण ते कारखानदारांना उद्देशून आहे असे आपल्याला वाटते. पण ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १२८६ वे कलम थेट आपल्यासाठी आहे. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी नोकर नेमताना देशाचे कामगारविषयक कायदे ख्रिस्तसभेच्या तत्त्वांनुसार काटेकोरपणे पाळावेत आणि माणसाला स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागतील असा न्याय्य मोबदला द्यावा, असे ते सांगते. १९७१ च्या महागुरूंच्या जागतिक सभेने तर स्पष्टच म्हटले की न्यायाविषयी इतरांशी बोलू पाहणाऱ्याने आधी त्यांच्या नजरेत स्वतः न्यायी असले पाहिजे. अमेरिकेतील महागुरूंनी १९८६ साली आपल्या आर्थिक न्यायाच्या पत्रात हीच गोष्ट चर्चच्या शाळा-रुग्णालयांना लागू केली आणि तेथील कर्मचाऱ्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी सातच वर्षे चर्चच्या शाळांतील शिक्षकांच्या युनियनचा प्रश्न कामगार मंडळाच्या अधिकाराबाहेर ठरविला होता. कायद्याने सोडलेली जागा महागुरूंनी आपण होऊन भरली.

आपल्या घराकडेही पाहू. वसईहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या कारखान्यांत, रेल्वेत, बँकांत, विमान कंपन्यांत काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण युनियनचे सभासद होते! त्यांचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस ह्यांतून आपली घरे उभी राहिली, आपण शिकलो. आमच्या समितीतील सहापैकी चौघांच्या घरी हीच कथा होती. तीच माणसे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली की युनियन हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. आम्हालाही लागला होता.

फादरांना वाईट वाटेल

चर्चच्या शाळेत एक अडचण आहे, ती कारखान्यात नसते. कारखान्याचा मालक रविवारी आपल्या कामगाराला ख्रिस्तशरीर देत नाही, त्याच्या मुलीचे लग्न लावत नाही, त्याच्या आईला आजाराचा तैलाभ्यंग करायला रात्री घरी जात नाही. आपल्या शाळेत पुष्कळदा व्यवस्थापक आणि धर्मगुरू एकच असतात. त्यामुळे फादरांनी धमकी देण्याची गरजच पडत नाही. 'फादरांना वाईट वाटेल' एवढा विचार मनात आला की माणूस मागे सरतो. मावशींनी पायरीवर जे म्हटले त्यात हेच होते. प्रेमापोटी आणि आदरापोटी आलेला दबाव हाही दबावच असतो, आणि तो अधिक कठीण, कारण त्याची तक्रार कुठे करता येत नाही.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की चर्चच्या शाळेने ह्या बाबतीत नुसते गप्प राहून भागत नाही. इतर मालक 'आम्ही अडवले नाही' म्हणून सुटू शकतो. आपल्याला आपण होऊन, शब्दांत सांगावे लागते की जा, भेटा, किंवा नका भेटू. आम्हाला कळणार नाही आणि कळले तरी वाईट वाटणार नाही. आमच्या फादरांनी कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून हे दोन मिनिटांत सांगितले. आणि ते निघून गेले, तिथे थांबले नाहीत.

उत्तर कसे लिहावे

पत्राला उत्तर द्यावे, लेखी द्यावे आणि पंधरा दिवसांच्या आत द्यावे. न दिलेले उत्तर हेही एक उत्तर असते. त्यानंतर फाटकाबाहेर पत्रके वाटली जातात, कर्मचाऱ्यांना रस्त्यात गाठले जाते आणि साधी भेट भांडण होऊन बसते. आम्ही पाठविलेले उत्तर असे होते, इतरांना उपयोगी पडेल म्हणून तारखा गाळून देतो:

"आपले पत्र मिळाले. आमच्या शाळेतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आपण भेटण्यास शाळेची हरकत नाही. भेट शुक्रवारी सायंकाळी साडेपाच ते सव्वासहा ह्या वेळेत तळमजल्यावरील चित्रकलेच्या वर्गात ठेवली आहे. त्या वेळी शाळेत विद्यार्थी नसतात. आपले जास्तीत जास्त दोन प्रतिनिधी यावेत, सोबत ओळखपत्र असावे व फाटकावरील वहीत नोंद करावी. सभेची सूचना कर्मचाऱ्यांच्या फलकावर लावली आहे, उपस्थित राहणे ऐच्छिक आहे. कर्मचाऱ्यांचे मोबाइल क्रमांक त्यांच्या संमतीवाचून देता येणार नाहीत, मात्र आपला क्रमांक सूचनेत दिला आहे. व्यवस्थापनातर्फे सभेस कोणी हजर राहणार नाही."

ह्यातील प्रत्येक वाक्यावर आमचा थोडाफार वाद झाला. मोबाइल क्रमांकांवर तर पुष्कळच. यादी देणे म्हणजे सहकार्य, असे सिस्टरांना वाटत होते. पण माणसाचा क्रमांक हा शाळेच्या मालकीचा नसतो. उद्या त्यावर कोणाचेही फोन येऊ लागतील आणि ज्याला युनियन नको आहे त्याला नाही म्हणणे जड जाईल. युनियनचा क्रमांक कर्मचाऱ्यांना द्यावा, ज्याला करायचा तो फोन करील. आमच्याकडे सफाईचे काम करणाऱ्या दोघींना वाचता येत नव्हते, त्यांना सूचना वाचून दाखविली. वाचून दाखविणारा समितीचा माणूस नसावा.

जागेचेही तसेच. पहिल्यांदा आम्ही पॅरिश हॉल सुचविला, प्रशस्त आहे, पंखे आहेत. पण हॉलचे दार फादरांच्या निवासासमोर उघडते. कोण आले, कोण गेले, हे वरच्या गॅलरीतून दिसते. चित्रकलेच्या वर्गाला मागच्या बाजूने जिना आहे. एवढ्याशा गोष्टीने फरक पडतो.

वेळ ठरविताना पाळ्या पाहाव्यात. सकाळच्या सफाईच्या बायका अकराला घरी जातात, त्यांना साडेपाचला परत बोलावणे म्हणजे न बोलावणेच. आम्ही त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास वेगळा ठेवला. तेवढा वेळ एका शिक्षकांनी आनंदाने घंटा सांभाळली. कंत्राटी माणसांच्या बाबतीत 'ते आमचे नोकर नाहीत' हे कागदावर खरे असेल, पण झाडू ते आपल्याच वर्गात मारतात. त्यांना येण्यापासून अडवू नये, आणि त्यांच्या कंत्राटदाराला आपण होऊन कळवायलाही जाऊ नये.

मुख्य लिपिकांचा प्रश्न मात्र अवघड आहे. मोठे बाबू स्वतः शिक्षकेतर, त्यांना सभेला जाण्याचा पूर्ण हक्क. पण हजेरीपट, रजेचे अर्ज, पगारपत्रक सारे त्यांच्याच हातात, आणि ते समोर बसले की शिपाई तोंड उघडत नाही. आमच्या बाबूंनी स्वतःहून पहिली पंधरा मिनिटे बाहेर थांबण्याचे ठरविले. सगळीकडे असे समजूतदार बाबू मिळतील असे नाही. तिथे दोन वेगळ्या भेटी ठेवणे बरे.

मुलांच्या सुरक्षेच्या बाबतीत मात्र काडीमात्र सवलत नको. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर कोणताही पालक ह्याविषयी बेफिकीर राहू शकत नाही, आणि राहू नये. बाहेरचा माणूस, मग तो युनियनचा असो, पुस्तकविक्रेता असो वा समितीच्या सभासदाचा पाहुणा असो, ओळख व नोंद झाल्यावाचून आत जाऊ नये आणि मुले असताना वर्गांकडे फिरकू नये. पण हे कारण पुढे करून केवळ युनियनलाच अडवायचे आणि बाकीच्यांना मोकळे सोडायचे, ही लबाडी झाली. नियम सर्वांना एक.

परीक्षेच्या दिवसांत पत्र आले तर नकार न देता पुढची तारीख द्यावी. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत राज्यभर संप झाला, त्यात शिक्षकेतर कर्मचारीही होते आणि दहावीची परीक्षा चालू होती. त्या आठवड्याची आठवण अनेक मुख्याध्यापकांच्या मनात अजून ताजी आहे. ती भीती आम्ही समजू शकतो. मात्र संप आणि भेट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले जाते त्यांना संपाची गरज कमी पडते, असा आमचा तरी अनुभव आहे.

युनियनच्याही मर्यादा

सगळे युनियनवाले साधुसंत असतात असे आम्ही म्हणत नाही. वर्गणीसाठी दमदाटी करणारे, मुख्याध्यापिकेला खोलीत कोंडून घेराव घालणारे, निवडणूक जवळ आली की पक्षाचा झेंडा घेऊन येणारे लोकही आहेत. सभासद होण्यासाठी जबरदस्ती करणे, घेराव घालणे, व्यवस्थापकांच्या घरापुढे निदर्शने करणे हे १९७१ च्या कायद्याने संघटनांच्या अनुचित प्रथांत घातले. जॉन पॉल दुसरे ह्यांनीही त्याच परिपत्रकात बजावले की संघटनेने राजकीय पक्षाचे काम करू नये आणि एका गटाच्या स्वार्थासाठी सर्वांचे हित बुडवू नये. तेव्हा शिस्त मोडणाऱ्या प्रतिनिधीला पुढच्या खेपेस परवानगी नाकारावी, मात्र कारण लेखी द्यावे. त्याच्या जागी त्याच संघटनेचा दुसरा माणूस येऊ द्यावा. दोन संघटनांची पत्रे आली तर दोघींना सारखीच वेळ, सारखीच जागा. 'ही जरा मवाळ आहे' म्हणून एकीला झुकते माप दिले की आपण त्यांच्या भांडणात पडलोच.

आणि ज्या कर्मचाऱ्याला कोणत्याच युनियनमध्ये जायचे नाही, त्याचाही हक्क तितकाच पवित्र. आमच्या जुन्या शिपाईकाकांनी सरळ सांगितले, "मला दोन वर्षं राहिलीत, मला काही नको." त्यांना कोणी काही म्हटले नाही, ना आम्ही शाबासकी दिली. शाबासकी देण्याचा मोह झाला होता, हे कबूल करतो.

पुढे काय झाले

ती भेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. सव्वासहाला संपायची ती पावणेसातला संपली, त्यावरून कोणी वाद घातला नाही. सभेला किती जण गेले हे रखवालदाराला ठाऊक असेल, आम्ही विचारले नाही. तीन आठवड्यांनी संघटनेचे दुसरे पत्र आले, त्यात चार मागण्या होत्या. दोन शासनाच्या हातातल्या होत्या. तिसरी रखवालदारांसाठी बसायला खुर्ची आणि पावसाळ्यात छप्पर, ही होती. चौथी होती, बालवाडीच्या मावशींना नेमणूकपत्र द्यावे.

आम्ही फायली काढल्या. चौदा वर्षांच्या पगाराच्या पावत्या होत्या, नाताळच्या भेटीच्या नोंदी होत्या, मावशींना दिलेल्या मानपत्राची प्रतही होती. नेमणूकपत्र नव्हते. मागच्या तीन व्यवस्थापकांपैकी कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते, आणि मावशींनी कधी मागितले नव्हते, कारण फादरांना वाईट वाटेल. नोव्हेंबरमध्ये पत्र दिले गेले, आधीच्या सेवेची तारीख घालून. छप्पर त्याआधीच झाले होते, खुर्च्या पॅरिश हॉलमधून दिल्या. मावशी युनियनच्या सभासद झाल्या की नाही, आम्हाला आजही ठाऊक नाही.

लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हा पाठ घेणार असाल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, पहिली सहा वचने, आधी वाचावीत. मग चर्चेला पुढील प्रश्न घ्यावेत. आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये, दफनभूमीत काम करणाऱ्या किती जणांची नावे आपल्याला येतात? त्यांपैकी कोणाकोणाकडे नेमणूकपत्र आहे, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची? आपल्या स्वतःच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंनी उद्या 'आमच्या संघटनेची सभा आहे, आज अर्धा तास लवकर जाते' असे म्हटले, तर आपण काय उत्तर देऊ?